मिनीव्हॅन 'अमेरिकन' घ्यायची तर कुठली? गाडीचे पैसे कुठल्या गावातल्या कामगारापर्यंत पोचतात?

रानवाट

अमेरिकेत सात-आठ माणसांची मिनीव्हॅन घ्यायची तर आज मुख्यतः चार पर्याय आहेत: टोयोटा सियेना, होंडा ओडिसी, किया कार्निव्हल आणि क्रायस्लर पॅसिफिका. गाडी घेताना किंमत, मायलेज, टिकाऊपणा तर बघतोच, पण आपण राहतो त्या देशातल्या कामगाराला काम मिळावं असंही ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा धागा.

वरवर बघता उत्तर सोपं आहे, क्रायस्लर घ्या, बाकीच्या तीन आशियातल्या. पण शोरूममधले लोकच सांगतात की सियेना इंडियानात बनते. मग 'देशी' म्हणायचं कशाला? कंपनीचं मुख्यालय, कारखाना, की आतले सुटे भाग? आणि २०२५ मध्ये लागलेल्या आयात शुल्कानं यात काय फरक पडला? जाणकारांनी नेमकं लिहावं. राजकारण नको, हिशेब हवा.

---

गियरबॉक्स

आधी चार गाड्यांचे पत्ते.

सियेना इंडियानातल्या प्रिन्स्टनमध्ये जुळते. ओडिसी अलाबामातल्या लिंकनमध्ये, आणि तिचं ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिनही त्याच आवारात तयार होतं. गिअरबॉक्स येतो जॉर्जियातल्या टॅलापूसाहून. कार्निव्हल कोरियातून जहाजानं येते. राहिली पॅसिफिका. ती बनते विंडसर, ऑन्टारिओमध्ये, म्हणजे कॅनडात. विंडसर डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या पलीकडे आहे, पण देश दुसरा. आणि क्रायस्लर आज ज्या स्टेलांटिसची आहे तिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये आहे.

म्हणजे चारांतली जी एकच 'अमेरिकन' वाटते तिची जुळवणी अमेरिकेत होतच नाही. पण एवढ्यावर तिला नापास करू नका. पॅसिफिकाचं पेंटास्टार इंजिन मिशिगनमधल्या ट्रेंटनमध्ये बनतं (मेक्सिकोतल्या साल्तियोमध्येही बनतं) आणि पेट्रोल मॉडेलचा गिअरबॉक्स इंडियानातल्या कोकोमोचा. इंजिन आणि गिअरबॉक्स ही गाडीतली सगळ्यात जास्त यंत्रकामाची, म्हणून सगळ्यात कुशल कामगार लागणारी दोन अंगं. ती कुठे ओतली, कातली आणि जुळवली गेली हे शेवटच्या जुळवणीइतकंच महत्त्वाचं आहे.

हे सगळं शोरूममध्येच वाचता येतं. नव्या गाडीच्या काचेवर किमतीचं स्टिकर असतं, त्यावर किंवा शेजारी 'पार्ट्स कंटेंट'चा चौकोन असतो. १९९२ च्या कायद्यानं तो सक्तीचा केला आणि ऑक्टोबर १९९४ पासून तो गाड्यांवर आला. त्यात पाच गोष्टी असतात. अमेरिका-कॅनडाच्या भागांची टक्केवारी. १५ टक्के किंवा जास्त वाटा असलेले इतर देश. जुळवणीचं गाव. इंजिनाचा देश आणि गिअरबॉक्सचा देश. वाचताना खालून वर वाचा: आधी इंजिन-गिअरबॉक्स, मग गाव, आणि टक्केवारी सगळ्यात शेवटी. टक्केवारी शेवटी का, ते हिशेबनीस सांगतील तर बरं.

---

हिशेबनीस

सांगतो. त्या टक्केवारीत चार उणिवा आहेत आणि चारही कायद्यातच लिहिलेल्या आहेत, कंपनीची लबाडी नाही.

एक. अमेरिका आणि कॅनडा यांचा आकडा एकत्र असतो. पॅसिफिकासारख्या गाडीत कॅनडाचा वाटा किती आणि अमेरिकेचा किती हे लेबलवरून कळत नाही.

दोन. आकडा त्या एका गाडीचा नसतो, संपूर्ण मॉडेलमालिकेचा सरासरी असतो. एकच मॉडेल दोन देशांत बनत असेल तरी भागांची टक्केवारी एकच छापली जाऊ शकते. जुळवणीचं गाव मात्र गाडीगणिक खरं असतं.

तीन. जुळवणी कारखान्यातली मजुरी या टक्केवारीत धरतच नाहीत. फक्त भागांची किंमत. म्हणजे ज्या तीन-चार हजार लोकांच्या नोकऱ्यांबद्दल वर्तमानपत्रात छापून येतं, त्यांचा पगार या आकड्यात शून्य.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरच्या पुरवठादाराच्या भागात ७० टक्के किंवा जास्त मूल्य अमेरिका-कॅनडाचं असेल तर तो भाग १०० टक्के देशी धरतात. समजा १,००० डॉलरचा भाग आहे, त्यात ७२० डॉलरचं काम इथलं आणि २८० डॉलरचा माल चीनचा. लेबलच्या हिशेबात पूर्ण १,००० डॉलर इथले. कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या कारखान्यातून आलेल्या भागाला ही सवलत नाही, तिथे खरा आकडा द्यावा लागतो. परिणाम असा की स्वतःच इंजिन, गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आकडा कधीकधी बाहेरून घेणाऱ्यापेक्षा कमी दिसतो.

म्हणून ५५ आणि ६० टक्क्यांमधल्या फरकावर निर्णय घेऊ नका. ६५ आणि २० मधल्या फरकावर जरूर घ्या. अमेरिकन युनिव्हर्सिटीचा कोगोड निर्देशांक आणि कार्स डॉट कॉमची दरवर्षीची यादी, दोन्ही हाच आकडा घेतात पण त्यात इतर गोष्टींचे गुण मिळवतात. कार्स डॉट कॉमच्या यादीत जुळवणीचं ठिकाण, भाग, इंजिन, गिअरबॉक्स आणि अमेरिकेतले कारखाना-कामगार असे पाच निकष आहेत. कोगोडमध्ये कंपनीचा नफा आणि संशोधन कुठल्या देशात होतं याचेही गुण आहेत, त्यामुळे तिथे डेट्रॉइटच्या कंपन्या (फोर्ड, जनरल मोटर्स म्हणजे जीएम, क्रायस्लर) थोड्या वर सरकतात.

---

मावळा_मिशिगन

त्या शेवटच्या निकषाबद्दलच बोलायचं आहे, कारण अशा चर्चेत तो नेहमी मागे पडतो.

जुळवणी म्हणजे गाडीचा रोजगार नव्हे. एक गाडी जुळवायला साधारण २० ते ३० कामगार-तास लागतात. त्याआधी तीन-चार वर्षं शेकडो अभियंते तिच्यावर काम करतात: सांगाडा, टक्कर-चाचण्या, इंजिनाचं कॅलिब्रेशन, डायचं (पत्रा दाबायच्या साच्यांचं) डिझाइन, पुरवठादारांचं प्रमाणीकरण. फोर्डचं हे काम मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये होतं, जीएमचं वॉरनमध्ये, क्रायस्लरचं ऑबर्न हिल्समध्ये. टोयोटाचं अ‍ॅन आर्बरजवळ, होंडाचं ओहायोतल्या रेमंडमध्ये, ह्युंदाईचं मिशिगनमध्ये केंद्र आहे, ते नाकारत नाही. पण गाडीचा मूळ प्लॅटफॉर्म आणि इंजिनाचं कुटुंब ठरतं ते बहुतेक वेळा जपानच्या तोयोता शहरात किंवा कोरियात सोलजवळ. दर विकलेल्या गाडीमागे अमेरिकेत किती माणसं पगारावर आहेत असा हिशेब मांडला तर डेट्रॉइटचं पारडं जड राहतं.

२०२३ च्या संपाच्या वेळी यूएडब्ल्यू या वाहन-कामगारांच्या युनियनचे फोर्डमध्ये सुमारे ५७ हजार, जीएममध्ये ४६ हजार आणि स्टेलांटिसमध्ये ४३ हजार सभासद होते. हे फक्त संघटित कामगार. कार्यालयातले, चाचणी मैदानावरचे, डिझाइन स्टुडिओतले वेगळे.

आणि उदाहरण मिनीव्हॅनचंच का? फोर्डची एफ-१५० ही पिकअप घ्या. डिअरबॉर्न आणि कॅन्सस सिटी, दोन्ही ठिकाणं अमेरिकेत. ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिन क्लीव्हलंडचं, २.७ लिटरचं लिमा, ओहायोचं, दहा गिअरचा बॉक्स लिव्होनियाचा. फक्त ५ लिटरचा व्ही-८ घेतलात तर इंजिन विंडसरहून येतं. ज्याला अमेरिकन कामगाराची काळजी आहे त्यानं ही गाडी सोडून 'सगळे सारखेच' म्हणणं बरोबर नाही.

---

गियरबॉक्स

@मावळा_मिशिगन, एफ-१५० बद्दल पूर्ण सहमत. पण तीच कंपनी मॅव्हरिक आणि ब्रॉन्को स्पोर्ट मेक्सिकोतल्या एरमोसियोमध्ये बनवते. जीएमची शेवरले ट्रॅक्स कोरियातून येते. जीएमचीच ब्युइक एन्व्हिजन २०१६ पासून चीनमधून येते आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण जीएमच्या सिल्व्हेराडो १५०० या पिकअपचं. ही गाडी इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये, मेक्सिकोतल्या सिलाओमध्ये आणि कॅनडातल्या ओशावामध्ये बनते. एकाच डीलरच्या आवारात, एकाच रंगाच्या शेजारी शेजारी उभ्या. समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात डॅशबोर्डवर १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो, त्याचा पहिला आकडा वाचा. १ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. तेवढ्या एका आकड्यानं ठरतं की त्या गाडीचे जुळवणीचे तास कुठल्या देशात भरले गेले. म्हणून कंपनीनुसार नाही, मॉडेलनुसारही नाही, गाडीनुसार बघायचं.

---

शेवंता

परदेशी कंपन्या अमेरिकेत कारखाने काढायला आल्या त्या कशा, हे सांगितल्याशिवाय आजचा नकाशा कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पहिली आली फोक्सवॅगन. १९७८ साली पेनसिल्व्हेनियातल्या वेस्टमोरलंडमध्ये, क्रायस्लरने अर्धवट सोडलेल्या इमारतीत रॅबिट बनवू लागली. १९८८ मध्ये कारखाना बंद पडला. त्या काळात इंधन स्वस्त झाले, रॅबिटचा खप घसरला आणि मुख्यतः एकाच मॉडेलवर उभा असलेला कारखाना तग धरू शकला नाही. एका मॉडेलचा कारखाना किती नाजूक असतो याचा हा पहिला धडा.

दुसरीकडे १९८१ मध्ये रेगन सरकारच्या दबावाखाली जपानने 'स्वेच्छेने' वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांचा निर्यात कोटा स्वीकारला. १९८४ मध्ये तो साडेअठरा लाख, १९८५ मध्ये २३ लाख झाला आणि १९९४ मध्ये संपला. कोटा गाड्यांच्या संख्येवर होता, किमतीवर नव्हता. त्यामुळे जपानी कंपन्यांनी दोन गोष्टी केल्या. दर गाडीमागे जास्त पैसे मिळावेत म्हणून महाग गाड्या आणल्या (अ‍ॅक्युरा १९८६, लेक्सस आणि इन्फिनिटी १९८९) आणि कोट्यात न मोजली जाणारी गाडी अमेरिकेतच बनवू लागल्या. होंडाचा ओहायोतल्या मेरीव्हिलचा निर्णय मात्र कोट्याच्या आधीचा, १९८० चा आहे. तिथून पहिली अकॉर्ड नोव्हेंबर १९८२ मध्ये बाहेर पडली. मग निस्सान १९८३ मध्ये टेनेसीतल्या स्मर्नात, टोयोटा १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनमध्ये, बीएमडब्ल्यू १९९४ मध्ये साउथ कॅरोलिनात, मर्सिडीज १९९७ मध्ये अलाबामात.

नकाशावर बोट फिरवा म्हणजे दिसेल, कारखाने दक्षिणेकडे सरकत गेले. यातल्या बहुतेक राज्यांत 'राइट टू वर्क' कायदे आहेत, म्हणजे युनियनची वर्गणी सक्तीची करता येत नाही. शिवाय राज्यांनी भरघोस सवलती दिल्या. अलाबामाने १९९३ मध्ये मर्सिडीजला सुमारे २५ कोटी ३० लाख डॉलरचे पॅकेज दिले, तेव्हा कबूल झालेल्या नोकऱ्या होत्या १,५००. भागून पाहा, एका नोकरीमागे एक लाख ६८ हजार डॉलर. 'परदेशी कंपनीने रोजगार आणला' म्हणताना ही रक्कम त्याच राज्याच्या करदात्याने भरली हेही लिहायला हवे.

युनियनचा हिशेब नेमका देते. टेनेसीतल्या चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात यूएडब्ल्यू २०१४ मध्ये ६२६ विरुद्ध ७१२ मतांनी हरली, २०१९ मध्ये ७७६ विरुद्ध ८३३ ने हरली आणि एप्रिल २०२४ मध्ये २,६२८ विरुद्ध ९८५ ने जिंकली. पुढच्याच महिन्यात अलाबामाच्या मर्सिडीजमध्ये २,०४५ विरुद्ध २,६४२ ने हरली. चॅटनूगात निकाल फिरला तो २०२३ च्या संपानंतर. त्या करारात डेट्रॉइटच्या कामगारांना एप्रिल २०२८ पर्यंत २५ टक्के मूळ वाढ मिळाली आणि वरच्या पगारापर्यंत पोचायचा काळ आठ वर्षांवरून तीन वर्षांवर आला. तो करार जाहीर होताच टोयोटाने पगार वाढवले, होंडाने ११ टक्के दिले, ह्युंदाईने २०२८ पर्यंत २५ टक्के जाहीर केले. यांच्या कारखान्यांत युनियन नाही. वाढ मिळाली ती शेजारच्याने संप केला म्हणून.

---

मावळा_मिशिगन

शेवंताताई, पगारावरून एक जुना गैरसमज काढून टाकावासा वाटतो, तो अजून कानावर येतो. २००८ मध्ये 'डेट्रॉइटचा कामगार तासाला ७० डॉलर घेतो' असं सर्रास छापलं जायचं. कामगाराच्या हातात कधीही ७० डॉलर पडत नव्हते. कंपनीचा निवृत्तांच्या वैद्यकीय विम्याचा आणि पेन्शनचा खर्च आजच्या कामाच्या तासांनी भागून तो आकडा काढला होता. जीएमकडे कामावर असलेल्यांपेक्षा निवृत्तांची संख्या कितीतरी जास्त होती. टोयोटाचा जॉर्जटाउन कारखाना १९८८ चा, तिथे तेव्हा फारसं कुणी निवृत्तच झालेलं नव्हतं. फरक वयाचा होता, मजुरीचा नव्हता. २००७ च्या करारात निवृत्तांच्या विम्याचा बोजा वेगळ्या ट्रस्टकडे गेला आणि त्याच करारात नव्या कामगाराला सुमारे १४ डॉलरवर घ्यायची दोन-स्तरीय पद्धत आली. एकाच लाइनवर, एकाच कामाला दोन पगार. २०२३ चा संप पेटायला ही जखमच कारण होती.

---

पुणेरी_पाना

कारखान्याच्या आतल्या बाजूनं थोडं लिहितो. 'सगळे भाग अमेरिकेत का बनवत नाहीत?' याचं उत्तर भागागणिक वेगळं आहे.

बॉडीचे पत्रे बहुतेक वेळा जुळवणी कारखान्याच्या आवारातल्या प्रेस शॉपमध्येच दाबतात. दरवाजा किंवा छप्पर म्हणजे हवा भरलेला माल, ट्रकमध्ये थोडेच बसतात आणि कडा दुमडते. सीट त्याहून अवघड. रंग, कापड, गरम होणारी, न होणारी, असे डझनावारी प्रकार. लाइनवर गाड्या ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं सीट यावी लागते आणि ऑर्डर मिळाल्यापासून हातात वेळ असतो काही तासांचा. म्हणून सीटचा कारखाना जुळवणीपासून तासाभराच्या आत असतो. इथे कंपनी जपानी की अमेरिकन यानं फरक पडत नाही. गाडी जिथे जुळते तिथे सीटचे, बंपरचे, डॅशबोर्डचे, इंधनटाकीचे रोजगार आपोआप येतात.

आता वायरिंग हार्नेस घ्या. अख्ख्या गाडीत पसरलेली जाडजूड वायरींची जुडी, आधुनिक गाडीत एकूण लांबी किलोमीटरमध्ये मोजतात. ती बनते अशी: यंत्र वायर कापतं, टोक सोलतं आणि टर्मिनल दाबून बसवतं. इथपर्यंत यंत्र. पुढे माणसाएवढ्या उंच फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यावर हार्नेसचा पूर्ण आकाराचा नकाशा चिकटवलेला असतो. कामगार एकेक वायर खुंट्यांतून ओढतो, टर्मिनल कनेक्टरच्या बरोबर भोकात 'टिक' आवाज येईपर्यंत दाबतो, टेप गुंडाळतो, क्लिपा लावतो. शेवटी इलेक्ट्रिक चाचणी. अर्धवट बसलेलं टर्मिनल चाचणीत निसटलं तर वर्षभरानं खड्ड्यातून जाताना दिवा बंद पडतो आणि तो दोष शोधायला मेकॅनिकचे दोन दिवस जातात. लवचीक वायर रोबोटला नीट पकडता येत नाही, म्हणून हे काम आजही हातानं होतं. त्यामुळे ते मेक्सिकोत हुआरेस, चिवावा भागात जातं आणि युरोपसाठी युक्रेन, मोरोक्कोत. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने थांबले आणि जर्मनीत फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यूच्या लाइनी बंद ठेवाव्या लागल्या. गाडीच्या पोटात सगळ्यात आधी हार्नेस जातो, तो नसेल तर पुढचं काहीच बसत नाही.

२५ टक्के शुल्क लावून हार्नेस अमेरिकेत परत येईल अशी आशा धरणाऱ्यांनी ही फळी डोळ्यासमोर आणावी. मजुरीतला फरक २५ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडच्या लोकांना जवळचं एक उदाहरण: रॅमचे २५०० आणि ३५०० हे मोठे ट्रक मेक्सिकोतल्या साल्तियोमध्ये जुळतात, पण डिझेल घेतलं तर आतलं ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन इंडियानातल्या कोलंबसजवळ बनतं. पुण्याला कमिन्स सांगावी लागत नाही. व्हीआयएन ३ नं सुरू झाला तरी त्या ट्रकचं काळीज इंडियानाचं आहे.

आणि उलट्या दिशेनंही बघा. पुण्याच्या भारत फोर्जनं २०१६ मध्ये टेनेसीतला वॉकर फोर्ज घेतला, पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या सॅनफर्डमध्ये अ‍ॅल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना उभा केला. अमेरिकेच्या दृष्टीनं ही परदेशी कंपनीच, पण हातोड्यापुढे उभा माणूस तिथलाच.

---

रानवाट

खूपच उपयोगी माहिती. महिंद्रानंही अमेरिकेत गाडी काढली होती ना? तिचं काय झालं? आणि शुल्काचा हिशेब कुणीतरी उलगडून सांगा.

---

पुणेरी_पाना

महिंद्राची रॉक्सर, २०१८. डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्समध्ये जुळायची, बरेचसे भाग भारतातून यायचे. रस्त्यावर चालवायला परवाना नाही, शेता-रानातली गाडी. फियाट क्रायस्लरनं तक्रार केली की तिचं रूप जीपसारखं आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं तो दावा मान्य करून त्या रूपातल्या गाडीवर बंदी घातली. मग पुढचा चेहरा बदलावा लागला. ध्यानात घ्या: तक्रार करणारी कंपनी तेव्हा लंडनला मुख्यालय असलेली, आणि ज्यांच्या कामावर गदा आली ते मिशिगनचे कामगार.

महिंद्राचा त्याआधीचा पिकअप आणण्याचा बेत कधी तडीस गेला नाही. पिकअपच्या वाटेत १९६४ पासूनचा एक मोठा अडसर आहे, तो हिशेबनीसच सांगतील.

---

हिशेबनीस

तो अडसर म्हणजे 'चिकन टॅक्स'. युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी उलट काही मालांवर कर लावला, त्यात हलके ट्रक होते. बाकीचे सुटले, ट्रकवरचे २५ टक्के राहिले. प्रवासी गाडीवर पुढे कित्येक वर्षं फक्त अडीच टक्के होते. पिकअपच्या बाजारात डेट्रॉइट एवढं घट्ट पाय रोवून का उभं आहे याचं अर्धं उत्तर या करात आहे. आणि कर चुकवायला गेलं की काय होतं तेही बघा: फोर्ड तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीटसकट 'प्रवासी गाडी' म्हणून आणायची आणि बंदरात उतरल्यावर सीट काढून मालवाहू म्हणून विकायची. सीमाशुल्क खात्यानं २०१३ मध्ये हरकत घेतली, कोर्टात फोर्ड हरली आणि २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून मिटवलं. देशी कंपनीनं देशी कंपन्यांसाठीचा कर चुकवला, हे विसरू नये.

आता २०२५ चं. ३ एप्रिलपासून आयात गाड्यांवर २५ टक्के, ३ मेपासून अनेक भागांवर २५ टक्के. अमेरिकेत जुळवणाऱ्याला परतावा आहे, गाडीच्या छापील किमतीच्या ३.७५ टक्के. हा आकडा कुठून आला? २५ टक्क्यांचे १५ टक्के म्हणजे ३.७५. अर्थ असा की गाडीतले ८५ टक्के मूल्य अमेरिकेचं किंवा मेक्सिको-कॅनडा कराराच्या नियमांत बसणारं असेल, तर उरलेल्या १५ टक्के भागांवरचं शुल्क परत मिळतं. ४०,००० डॉलरच्या गाडीला १,५०० डॉलर. ही सवलत टोयोटाच्या केंटकी कारखान्याला आणि फोर्डच्या डिअरबॉर्नला सारखीच आहे, मालक कोण हे विचारत नाहीत. शुल्क रचणाऱ्यांनी निदान हे बरोबर केलं.

जे बरोबर केलं नाही ते पुढे. मेक्सिको किंवा कॅनडातून येणाऱ्या, कराराचे नियम पाळणाऱ्या गाडीत जो अमेरिकन भाग असेल तेवढा वगळून उरलेल्यावर २५ टक्के लागतं. ३०,००० डॉलरची गाडी, तिच्यात ४० टक्के अमेरिकन माल. उरले १८,०००. त्याचे २५ टक्के, ४,५०० डॉलर. आता जपानशी झालेला करार: सप्टेंबर २०२५ पासून जपानी गाडीवर सरसकट १५ टक्के. ३०,००० चे १५ टक्के, तेही ४,५०० डॉलर. आणि तिच्यात अमेरिकन माल शून्य असला तरी चालतो. म्हणजे ज्या मेक्सिकन गाडीत मिशिगनचं इंजिन आहे आणि ज्या जपानी गाडीत अमेरिकेचा एक बोल्ट नाही, दोघींना सारखंच शुल्क. ४० टक्क्यांहून कमी अमेरिकन माल असेल तर मेक्सिकोची गाडी जास्तच भरते. पॅसिफिकासारख्या गाडीचं दुखणं इथे आहे. ट्रेंटन आणि कोकोमोच्या कामगाराला या कराराची खरी झळ लागते, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

---

गियरबॉक्स

'शुल्क लागलं की कारखाने परत येतील' यात वेळेचा हिशेब धरा. जीएमनं जून २०२५ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर खर्चून ब्लेझर टेनेसीतल्या स्प्रिंग हिलमध्ये आणि इक्विनॉक्स कॅन्सासमधल्या फेअरफॅक्समध्ये बनवायचं जाहीर केलं, उत्पादन २०२७ मध्ये. कारखाने आधीच उभे आहेत, तरी दोन वर्षं. बॉडीची डाय बनवायला आणि जुळवून घ्यायला वर्ष-दीड वर्ष जातं, वेल्ड शॉपचे रोबोट नव्या आकाराला शिकवावे लागतात, पुरवठादारांचे नमुने पास व्हावे लागतात. कोऱ्या जमिनीवर सुरुवात केली तर पेंट शॉपच सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ खातं.

नवीन यंत्रं बसवायला ती बनवणाऱ्याचीच माणसं लागतात, हाही मुद्दा सुटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जियात ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला, सुमारे ४७५ लोक ताब्यात घेतले, त्यात ३०० हून जास्त कोरियन. बॅटरीची यंत्रं कोरियाची, ती लावणारे कोरियन. त्यांच्यासाठी नेमका व्हिसाच नाही. यंत्र चालू झाल्याशिवाय स्थानिक माणसाला कामावर घेणार कसं?

---

शेवंता

गियरबॉक्स यांच्या मुद्द्याला जोडून: वाहन आणि सुटे भाग मिळून अमेरिकेत २००० साली सुमारे १३ लाख नोकऱ्या होत्या. २००९ च्या मंदीत त्या ६ लाख २० हजारांच्या आसपास आल्या, पुढे सावरून १० लाखांच्या घरात पोचल्या. यातला मोठा हिस्सा सुट्या भागांचा आहे, जुळवणीच्या जवळजवळ दुप्पट. राजकारणी फीत कापायला जुळवणी कारखान्यात जातात. पण ज्या गावात गिअरचा, ब्रेकचा, सीटचा २००-३०० माणसांचा कारखाना आहे तिथे नोकरी गेली तर बातमीसुद्धा होत नाही. म्हणून लेबलवर इंजिन-गिअरबॉक्सचा देश आधी बघायला सांगितला, ते मला पटते.

एक गोष्ट विचारा आणि मगच निवडा: कारखान्यात कंत्राटी किती? परदेशी आणि देशी, दोन्हीकडे एजन्सीमार्फत घेतलेले कामगार आहेत. लाइन तीच, गणवेश तोच, पगार आणि विमा वेगळा. लेबलवर याची ओळ नाही. नोकरीच्या वेबसाइटवरच्या जाहिराती वाचल्या, 'टेम्परेरी' आणि 'डायरेक्ट हायर' चे पगार शेजारी ठेवले, की अंदाज येतो.

---

रानवाट

आता शेवटचा प्रश्न. जुनी, तीन-चार वर्षांची व्हॅन घ्यायची असेल तर काचेवरचं लेबल नसतं. तेव्हा काय बघायचं?

---

गियरबॉक्स

व्हीआयएन. पहिलं अक्षर देश: १, ४, ५ किंवा ७ अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, 'जे' जपान, 'के' कोरिया, 'डब्ल्यू' जर्मनी, 'एल' चीन. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष, अकरावं कारखाना. अकराव्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो पाठ करायची गरज नाही. एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर व्हीआयएन टाकायची मोफत सोय आहे, ती गावासकट कारखाना सांगते. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो व्हीआयएनशी जुळतो का ते त्याच वेळी पाहून घ्या.

भागांच्या टक्केवारीसाठी त्याच संस्थेच्या वेबसाइटवर वर्षनिहाय याद्या आहेत. तुमच्या गाडीचं मॉडेल-वर्ष काढा, इंजिन आणि गिअरबॉक्सचा देश त्यातच मिळेल. यादीत एकाच मॉडेलच्या दोन ओळी दिसल्या तर इंजिनाचा आकार किंवा जुळवणीचा देश वेगळा आहे असं समजा, आणि व्हीआयएनवरून आपली ओळ कुठली ते ठरवा. जाहिरातीतल्या फोटोत व्हीआयएन झाकलेला असेल तर तो विक्रेत्याकडे मागा. देत नसेल तर गाडी बघायला जाऊ नका.